पंचायत समितीच्या पायरीवर यशवंतराव

सख्यांनो, गटाच्या कामाला तुम्ही पंचायत समितीत जाता. घरकुलाची चौकशी, अंगणवाडीची तक्रार, तेही तिथंच. ही कचेरी तालुक्याला आली कुठून? त्यासाठी यशवंतराव चव्हाणांची ओळख करून घेऊ.

जन्म १२ मार्च १९१३, गाव देवराष्ट्रे, आताचा सांगली जिल्हा. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाई शिकलेल्या नव्हत्या, पण पोरांचं शिक्षण त्यांनी थांबू दिलं नाही. मुलगा पुढं दिल्लीत संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळून १९७९ मध्ये उपपंतप्रधानही झाला. पुस्तकांत हेच जास्त असतं. आपल्या कामाचं मात्र त्याआधीचं आहे.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, यशवंतराव पहिले मुख्यमंत्री. कारभार गावाजवळ कसा न्यायचा हे ठरवायला त्यांनी वसंतराव नाईकांची समिती नेमली. त्यातून १९६१ चा कायदा आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. शाळा, दवाखाने, रस्ते, शेतीच्या योजना निवडून आलेल्या माणसांच्या हाती आल्या. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत सदस्य केलं नाही. का, तर त्यांच्यापुढं गावची नवी माणसं बोलणारच नाहीत. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

बायकांचं काय? एकही बाई निवडून आली नाही तर एक-दोघींना घ्यायचं, एवढीच सोय होती. म्हणजे निवडून आणण्यापेक्षा नेऊन बसवणं! खरी जागा मिळायला १९९३ उजाडलं. ७३ व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश जागा आल्या, आणि २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या.

यशवंतराव २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदाही ते मुख्यमंत्री असतानाचा, आजही तोच चालतो. त्यात पुढं एक सुधारणा झाली, ती लक्षात ठेवा: ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. पुढच्या वेळी दवंडीची वाट बघू नका, ग्रामसेवकाला तारीख विचारा. गटाच्या मागण्या आधीच कागदावर लिहून न्या आणि त्या इतिवृत्तात आल्यात का, हे वाचून मगच सही करा.