पत्ता : ५६ एपीओ

माझी सोयरीक जुळली १९९९च्या मार्चमध्ये. हे फौजेत. लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं, अन् मे महिन्यात कारगिल पेटलं.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. ठरलेल्या मुलीला परस्पर पत्र लिहायची तेव्हा पद्धत नव्हती. हे अण्णांना लिहायचे. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचं नावच नाही, नुसतं '५६ एपीओ'. म्हणजे माणूस नेमका कुठल्या डोंगरावर आहे, कळायचं नाही.

८ जूनला लिहिलेलं आंतरदेशीय पत्र आलं ते महिना सरताना. मधल्या काळात, १३ जूनला, तोलोलिंग आपल्या ताब्यात आलं होतं आणि किती जवान गेले ते टीव्हीवर सांगत होते. पत्र आलं म्हणजे माणूस सुखरूप, असं थोडंच असतं? लिहिलं तेव्हा होता, एवढंच.

पत्रात माझं नावही नाही. 'मोसंबीला ताण दिला होता, तो तोडला का? बागेला पाणी कमी पडू देऊ नका.' अण्णा खूष! म्हणाले, "जावई शेतीतला जाणकार दिसतो." मी मान खाली घालून भाकरी थापत राहिले. बघायला आले तेव्हा बागेतल्या विहिरीपाशी मीच यांना तांब्या दिला होता, हे अण्णांना कुठून ठाऊक असणार!

उत्तर अण्णांनी सांगितलं, मी लिहिलं. शेवटी एक ओळ माझ्या मनाची घातली : विहिरीला पाणी आहे, बाग वाट बघतेय.

दिवाळीत हे सुटीवर आले. अक्षर ओळखीचं झालं होतं, आवाज मात्र परक्यासारखा वाटला.