तळी गेली कुठे?

मुलांनो, मुंबईत धोबीतलाव नावाची जागा आहे. तिथे जाऊन तलाव शोधू लागलात, तर लोक हसतील तुम्हाला! बसगाड्या सापडतील, दुकानं सापडतील, कॉलेजं सापडतील. तलाव मात्र कधीच बुजवला गेला. गवालिया टँकची तीच गोष्ट. ज्या मैदानावरून १९४२ साली ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, त्याच्या नावात टाकी उरली आणि पाणी गेलं.

आता लोकलमध्ये बसा आणि ठाण्याला या. पश्चिमेला उतरून गर्दीतून थोडं चाललात, की एकाएकी मोकळं आकाश दिसतं. समोर मासुंदा तलाव! काठावर गडकरी रंगायतन, जवळच कौपीनेश्वराचं मंदिर, पलीकडे जुनं चर्च. संध्याकाळी इथे सगळं ठाणं लोटतं. कुणी होडीत बसतं, कुणी भेळ खातं, आजी-आजोबा नुसतेच वारा खात बसतात. या भागाला ‘तलावपाळी’ म्हणतात. पाळ म्हणजे तळ्याचा बांध किंवा काठ. म्हणजे इथे नावही आहे आणि तलावही आहे!

ठाण्यात असा एकच तलाव नाही, बरं का. कचराळी, उपवन, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, रायलादेवी, मखमली, ब्रह्माळा, हरियाली... यादी लांबलचक आहे. पूर्वी इथे साठ तळी होती, असं जुने ठाणेकर सांगतात. आज पस्तीसच्या आसपास उरली आहेत. मग बाकीची कुठे गेली?

खाडी शेजारी, तरी तळी कशाला?

ठाणं खाडीच्या काठी वसलंय. मग एवढी तळी हवीतच कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण खाडीचं पाणी असतं खारट. त्यात मासे मिळतात, त्यातून होड्या चालतात, त्यापासून मिठागरांत मीठही पिकतं. पण तहान लागली तर त्याचा काय उपयोग?

गोडं पाणी आभाळातून येतं, तेही चारच महिने. येऊरच्या डोंगरावर धो धो पाऊस पडतो आणि पाणी उतारावरून धावत खाडीकडे जातं. जूनमध्ये पूर आणि मे महिन्यात घागर रिकामी! म्हणून लोकांनी सखल जागा पाहून बांध घातले, पाणी अडवलं. तळ्यावर गुरं पाणी प्यायची, कपडे धुतले जायचे. शिवाय तळ्यातलं पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं, त्यामुळे आसपासच्या विहिरी उन्हाळ्यातही टिकायच्या.

हे शहाणपण फार जुनं आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर कोकणावर शिलाहार राजांचं राज्य होतं. ठाण्याचं तेव्हाचं नाव ‘श्रीस्थानक’. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं जिंकलं, १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. राज्यं बदलली, तळी आपलं काम करत राहिली.

झुकझुक गाडी आली!

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरवर तोफांची सलामी झाली आणि दुपारी साडेतीनच्या सुमाराला चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली. भारतातली ही पहिली प्रवासी आगगाडी. ती कुठे गेली, सांगा पाहू? बरोबर, ठाण्याला! अंतर सुमारे ३४ किलोमीटर.

त्या रुळांनी ठाण्याचं नशीब बदललं. १८६३ मध्ये नगरपालिका आली. १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. मुंबईला नोकरी आणि ठाण्याला घर, अशी माणसं वाढू लागली. १९६० नंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले आणि गावोगावहून कामगार आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आसपासची गावंही शहरात सामील झाली. १९९१ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या होती सुमारे ८ लाख. २०११ मध्ये ती १८ लाखांच्या पुढे गेली. वीस वर्षांत दुपटीहून जास्त!

एवढ्या माणसांना घरं हवीत, शाळा हव्यात, रस्ते हवेत. जागा मात्र तेवढीच. त्यातच नळ आले. भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी लांबून पाइपातून घरात येऊ लागलं. मग तळ्यावर जातंय कोण? ज्याची रोज गरज पडत नाही, त्याच्याकडे लक्ष राहत नाही. कडेला राडारोडा पडतो, मग झोपड्या किंवा इमारती येतात आणि एक दिवस तळं नकाशावरूनच नाहीसं होतं.

भरलेलं तळंही मरतं

पाणी दिसतंय म्हणजे तळं जिवंत आहे, असं समजू नका हं! सांडपाणी आणि निर्माल्य पाण्यात गेलं, की ते शेवाळाला खतासारखं मिळतं. पाणी हिरवंगार होतं. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेच पाण्यातला प्राणवायू वापरतं. मेलेलं शेवाळ कुजतं, तेव्हा आणखी प्राणवायू खर्च होतो. म्हणून अशा तळ्यातले मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. त्यांना गुदमरायला होत असतं. तळ्यातली कारंजी नुसती शोभेची नसतात, पाण्यात हवा मिसळायलाही त्यांची मदत होते. पण घाण येणं थांबलं नाही, तर बिचारं कारंजं किती पुरणार?

आणखी एक गंमत पाहा. तळं सुंदर दिसावं म्हणून भोवती भिंत बांधतात. चालायला फरसबंदी वाट होते, आजोबांचे गुडघेही खूश! पण डोंगराकडून येणारे ओहोळ त्या भिंतीने अडले, तर तळ्यात पावसाचं पाणी येणार कुठून? आणि काठाची माती व गवत गेलं, तर बेडकांनी आणि बगळ्यांनी जायचं कुठे? भिंत बांधताना पाण्याची वाट मोकळी ठेवायला हवी.

एक सोपं गणित

वही काढा. १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद असं एक तळं घेऊ. मोठ्या पावसात त्याची पातळी एक मीटरने वाढली. किती पाणी मावलं? १०० × १०० × १ म्हणजे १०,००० घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे झालं एक कोटी लिटर! दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर एक हजार टँकर.

आता हे तळं बुजवलं, असं समजा. पाऊस तेवढाच पडणार आहे. ते हजार टँकर पाणी कुठे जाईल? रस्त्यावर, तळमजल्याच्या घरात, रिक्षाच्या इंजिनात आणि शाळेच्या पटांगणात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्याने हे पाणी घरात घुसताना पाहिलं. तुमच्या आईबाबांना त्या दिवसाविषयी जरूर विचारा. पाण्याला हक्काची जागा ठेवली नाही, तर ते आपल्या जागेत येतं.

आपण काय करायचं?

गणपतीत ठाण्याची महानगरपालिका विसर्जनासाठी कृत्रिम तलाव तयार करते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात सहज विरघळत नाही, त्याचा गाळ तळाशी बसतो. म्हणून मूर्ती शाडूची आणि विसर्जन कृत्रिम तलावात, एवढं तर घरातलं शेंडेफळही आईबाबांना पटवू शकतं! निर्माल्य कलशात टाका. तळ्यातल्या माशांना पाव घालू नका. उरलेला पाव पाण्यातच कुजतो.

आणि या सुट्टीत एक उद्योग करा. तुम्ही ठाण्यात राहत असा, नाशकात की नागपुरात, आजी-आजोबांना किंवा शेजारच्या जुन्या माणसांना विचारा : ‘आपल्या भागात पूर्वी तळं, विहीर, ओढा कुठे होता?’ एका मोठ्या कागदावर नकाशा काढा. पूर्वीचं पाणी निळ्या रंगाने दाखवा. आता पावसाळ्यात जिथे पाणी तुंबतं, तिथे लाल ठिपके द्या. निळं आणि लाल किती ठिकाणी एकमेकांवर येतं, ते मोजा.

नकाशा वर्गात लावा आणि सरांना, बाईंना दाखवा. शक्य असेल तर आईबाबांबरोबर जाऊन तुमच्या नगरसेवकांनाही दाखवा. जी तळी अजून उरली आहेत, त्यांची नावं मात्र ठळक अक्षरांत लिहा. उद्या तुमच्या मुलांनी ती शोधायला निघावं, तेव्हा तिथे पाणी असायला हवं!