वनरक्षक
वनरक्षक : वनखात्याच्या सेवेतील, प्रत्यक्ष क्षेत्रावर राहून वने, वन्य प्राणी व वनजमीन यांचे रक्षण करणारा कर्मचारी. वनप्रशासनाच्या श्रेणीत त्याचे स्थान अगदी खालचे असले, तरी वनविषयक कायद्यांची अंमलबजावणी प्रथम त्याच्याच हातून होते. त्याच्याकडे सोपविलेल्या क्षेत्रास ‘नियतक्षेत्र’ म्हणतात. काही नियतक्षेत्रे मिळून वनपालाचे वर्तुळ व काही वर्तुळे मिळून वनपरिक्षेत्र होते. परिक्षेत्राचा प्रमुख वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजेच रूढ भाषेतील ‘रेंजर’ होय. आफ्रिकेतील देशांत मात्र राष्ट्रीय उद्यानांतून गस्त घालणाऱ्या सर्वच रक्षकांना सामान्यतः रेंजर म्हणतात. त्यांचे काम भारतातील वनरक्षकाच्या कामाशी अधिक जुळते.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात १८४७ साली अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६४ मध्ये डीट्रिख ब्रांडिस यांच्या अधिपत्याखाली हिंदुस्थानातील वनखाते संघटित झाले आणि १८७८ मध्ये डेहराडून येथे वनशिक्षणाची शाळा निघाली. या काळात वनरक्षकाचे मुख्य काम इमारती लाकूड व वनमहसूल यांची राखण करणे हे होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ याचा रोखही प्रामुख्याने याच बाबींवर होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि १९७३ साली सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प यांमुळे या कामाचे स्वरूप पालटले. झाडाबरोबरच प्राणी, आणि प्राण्याबरोबर त्याचा अधिवास, ही रक्षणाची बाब ठरली. महाराष्ट्रातील मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक होय.

निवड व प्रशिक्षण : महाराष्ट्रात या पदासाठी सामान्यतः उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण असावे लागते, अनुसूचित जमातींच्या उमेदवारांना शिक्षण व उंची यांत सवलत आहे. लेखी परीक्षेखेरीज पुरुषांना ५ किमी. व स्त्रियांना ३ किमी. धावण्याची चाचणी द्यावी लागते. त्यानंतर पुरुषांना २५ किमी. व स्त्रियांना १६ किमी. अंतर चार तासांत चालून जावे लागते. पायी गस्त हाच या कामाचा कणा असल्याने चालण्याच्या चाचणीस विशेष अर्थ आहे. निवड झालेल्यांना चिखलदरा, शहापूर, पाल, जालना इ. ठिकाणच्या संस्थांतून वनशास्त्र, कायदा, पंचनामा व मोजणी यांचे शिक्षण मिळते. अनुभव व सेवाज्येष्ठता यांनुसार वनरक्षकास वनपाल व त्यापुढील पदांवर बढती मिळू शकते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची थेट भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. ख्यातनाम लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांची वनसेवाही वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणूनच सुरू झाली. त्यांचे पुष्कळसे लेखन या सेवेतील अनुभवांवर आधारलेले आहे.

कार्य : गस्त घालणे, सीमाचिन्हे तपासणे, अतिक्रमण व अवैध तोड रोखणे, रोपवनांची देखभाल करणे व पाणवठ्यांवर लक्ष ठेवणे ही वनरक्षकाची नित्याची कामे होत. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा साफ करून घेणे व वणवा लागल्यास हंगामी मजुरांसह तो विझविणे, हे त्यांतील अत्यंत कष्टाचे काम होय. गुन्हा आढळल्यास प्राथमिक अहवाल नोंदविणे, माल जप्त करणे व पंचनामा करणे ही जबाबदारी त्याच्यावर असते. शिकारीच्या गंभीर गुन्ह्यास किमान तीन ते कमाल सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे; परंतु पहिला पंचनामा सदोष असल्यास खटला न्यायालयात टिकत नाही. म्हणून रक्ताचा डाग, फासाची तार, पावलाचा ठसा यांची बिनचूक नोंद ही गस्तीइतकीच महत्त्वाची ठरते.

दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेचा पायाही हाच कर्मचारी घालतो. ठरलेल्या वाटांवरून चालत जाऊन मांसाहारी प्राण्यांच्या खुणा व तृणभक्षी प्राणी यांची नोंद केली जाते. त्यानंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज करण्यात आला. हे काम निर्धोक नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात याच गणनेसाठी खुणा शोधत असलेल्या एका स्त्री वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

मराठवाड्यातील स्थिती : वनरक्षक म्हटले की घनदाट अरण्य डोळ्यांसमोर येते. किनवटची जंगले वगळता नांदेड-लातूर भागात तसे चित्र क्वचितच दिसते. लातूर हा राज्यातील अत्यल्प वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. बालाघाट पठारावरील औसा तालुक्यासारख्या प्रदेशात गवताळ माळ, गायरान व शेते एकमेकांत मिसळलेली आहेत. काळवीट, रानडुक्कर, लांडगा, मोर हे येथील प्राणी अभयारण्याच्या कुंपणात नव्हे, तर शेतकऱ्याच्या शिवारातच वावरतात. काळविटाला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. कोवळी पिके खाऊन तो कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसानही करतो. अशा वेळी वनरक्षकास दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. नुकसानीचा पंचनामा वेळेवर व न्याय्य झाला, तर शेतकरी भरपाईची वाट पाहतो. तो रखडला, तर विजेची तार वा विषप्रयोग यांकडे वळण्याचा संभव वाढतो. उघड्या विहिरीत पडलेले प्राणी बाहेर काढणे व बघ्यांची गर्दी आवरणे ही कामेही येथे नेहमीची होत.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट या लहानशा अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किमी. अंतर कापून आल्याचे पट्ट्यांवरून निश्चित झाले. वाघाची वस्ती नसलेल्या प्रदेशातील वनकर्मचाऱ्यांवर अकस्मात वाघाचा माग ठेवण्याची व गावोगावी लोकांना सावध करण्याची जबाबदारी पडली. संरक्षित क्षेत्राबाहेरील वनरक्षकाचे महत्त्व या घटनेने स्पष्ट झाले.

आफ्रिकेतील तुलना : दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान (१९२६) व काँगोमधील व्हिरुंगा राष्ट्रीय उद्यान (१९२५) येथील रक्षकांचा सामना प्रामुख्याने सशस्त्र टोळ्यांशी असतो. गेंड्याचे शिंग व हस्तिदंत यांच्या चोरट्या व्यापारामुळे तेथील गस्तीला लष्करी स्वरूप आले आहे. गोरिलांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिरुंगात दोनशेहून अधिक रक्षक मारले गेले आहेत. टांझानियातील म्वेका येथे १९६३ साली स्थापन झालेल्या महाविद्यालयाने आफ्रिकी देशांना प्रशिक्षित वन्यजीव अधिकारी पुरविले. ३१ जुलै हा दिवस जगभर रेंजर दिन म्हणून पाळला जातो व कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्यांचे त्या दिवशी स्मरण केले जाते.

भारतीय वनरक्षक बहुधा काठीच्या आधारावरच गस्त घालतो. त्याचे खरे बळ गावकऱ्यांच्या विश्वासात असते. वणव्याची, फासाची किंवा अनोळखी माणसाची पहिली वार्ता त्याला गुराख्याकडून वा शेतकऱ्याकडूनच मिळते. हा विश्वास जेथे टिकतो, तेथे अल्प मनुष्यबळावरही वने व वन्य प्राणी यांचे रक्षण होऊ शकते.