टेकडीवरच्या वाटांची वहिवाट

गावनकाशा ज्यांनी कधी हाताळला असेल, त्यांस ठाऊक आहे की त्यावर पायवाट एका तुटक रेषेने दाखविलेली असते आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी. महसुली संकेताप्रमाणे पायमार्गाची रुंदी ८.२५ फूट आणि गाडीमार्गाची १६.५ ते २१ फूट धरली जाते. माणसांच्या पायांनी पडलेली वाट हीदेखील एक मालमत्ता आहे आणि तिची कोठेतरी नोंद असली पाहिजे, ही जाणीव जमीन मोजणाऱ्या जुन्या खात्यास होती. पुढे शहर वाढले, भोवतालची गावे त्याच्या पोटात आली आणि गावनकाशाचे काम विकास आराखडा करू लागला. आराखड्यात रस्ते आले, आरक्षणे आली, नाना रंग आले. त्या तुटक रेषेस मात्र तेथे फारशी जागा उरली नाही.

प्रस्तुत लेखकापुढे हा प्रश्न पुस्तकांतून आला नाही, पायांखालून आला. चाळिशी उलटल्यावर रक्तातील साखर वाढली, डॉक्टरांनी चालावयास सांगितले आणि चालता चालता पळण्याचे वेड लागले. हल्ली ज्यास ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात ते हेच. डांबरी सडक सोडून रानवाटेने, डोंगरवाटेने धावणे. पुण्यात त्यासाठी दूर जावे लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. चतुःशृंगीच्या अंगाने निघावे. पहिली चढण खडकाळ आणि निर्दय आहे. तेथे पळण्याचा आव आणू नये, चालावे. माथ्याचे पठार लागले की श्वास जागेवर येतो. मग गिरिपुष्पाच्या लागवडीतून वाट जाते, दगडाच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी दिसते, मोर ओरडतो, वेताळाच्या देवळाशी क्षणभर थांबता येते. सडकेवर प्रत्येक पाऊल मागच्यासारखेच पडते. येथे एकही पाऊल दुसऱ्यासारखे पडत नाही. वैशाखात मुरुम घसरतो, श्रावणात काळा कातळ निसरडा होतो आणि भाद्रपदात गवत कमरेपर्यंत आल्याने दोन माणसे शेजारी शेजारी धावू शकत नाहीत. तासाभराच्या त्या धावेत परीक्षेच्या उत्तरपत्रिका, घराचे हप्ते यांतले काहीही आठवत नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी उतारावरच्या नेहमीच्या वाटेत तारेचे कुंपण आडवे आले. फलकावर ‘प्रवेश बंद’ एवढीच अक्षरे होती, मालकाचे नाव नव्हते. पहारेकऱ्यास विचारले, तर त्या बिचाऱ्यास आपल्या ठेकेदारापलीकडे कोणी ठाऊक नव्हते. कुंपण घालणाऱ्याकडे कागद नसतील असे मी म्हणत नाही. टेकडीची मालकी वन खाते, महापालिका, काही संस्था व खासगी मालक यांच्यात विभागलेली आहे आणि प्रत्येकापाशी आपापला उतारा आहे. उतारा नाही तो फक्त वाटेपाशी.

आपल्याकडे वहिवाटीचा कायदा नाही असे नव्हे. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेताकडे जाणारी वाट अडविणाऱ्यास तहसीलदार ती मोकळी करावयास लावू शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने २० वर्षे, आणि जमीन सरकारी असल्यास ३० वर्षे, अखंड वापरलेल्या वाटेवर हक्क प्राप्त होतो. परंतु हे कायदे मुख्यतः एका जमिनीस दुसऱ्या जमिनीतून जाण्यासाठी आहेत. नांगर घेऊन जाणाऱ्याची वाट त्यांनी ओळखली. नुसताच चालणारा, पळणारा, मोळी आणणारा मनुष्य त्यांच्या चौकटीत सहजी बसत नाही.

इंग्लंडातही तो बसत नव्हता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील काही शे तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम चढून गेले. पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली ती जमीन होती. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची सजा झाली. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि त्यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उद्यानांचा नाही, नकाशांचा आहे. प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलने आपल्या हद्दीतील पायवाटांची पाहणी करून त्या अधिकृत नकाशावर उतरवाव्यात, असे बंधन त्याने घातले. वाट एकदा त्या नकाशावर आली की जमिनीचा मालक बदलला तरी ती बदलत नाही. १९६५ मध्ये किंडर स्काउटवरूनच जाणारी सुमारे ४३० किलोमीटरची ‘पेनाइन वे’ ही वाट खुली झाली. आज भर हिवाळ्यात तीवर ‘स्पाइन रेस’ नावाची शर्यत होते. जानेवारी २०१९ मध्ये जस्मिन पॅरिस या पशुवैद्यक स्त्रीने ती ८३ तास १२ मिनिटांत, सर्व पुरुषांस मागे टाकून जिंकली. घरी तान्ही मुलगी होती. वाटेतल्या थांब्यांवर तिच्यासाठी दूध काढून ठेवीत ही बाई धावली. ज्या पठारावर पाऊल टाकल्याच्या प्रकरणात माणसे तुरुंगात गेली, ते पठार या शर्यतीच्या आरंभीच लागते.

आता पुण्याकडे वळू. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरांचा रस्ता आणि टेकडीखालून काढावयाचे बोगदे यांचा वाद येथे अनेक वर्षे चालला आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याविरुद्ध शेकडो नागरिकांचा मोर्चा निघाला. मी रस्त्यांचा वैरी नाही. सायंकाळी लॉ कॉलेज रस्त्यावर अडकलेल्या कारकुनाचा अर्धा तास हा खराच अर्धा तास आहे. माझा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीस आहे. अशा प्रकल्पाचा लाभ मोजताना वाहनांतील माणसांची वाचणारी मिनिटे मोजतात आणि त्यांस रुपयांचा भाव लावतात. टेकडीवर जो तास मनुष्य आपखुशीने खर्च करतो, त्यास त्या तक्त्यात रकानाच नसतो. ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचे कोडे घातले. ते मी दरवर्षी वर्गात शिकवितो आणि मुले जांभया देतात. त्यांना एकदा टेकडीवर न्यावे असे वाटते. जे फुकट मिळते त्याची किंमत शून्य आणि शून्य किमतीची वस्तू नष्ट झाल्यास तोटाही शून्य, असे हे गणित आहे. १९९७ मध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे सुमारे ९७८ हेक्टरांचे आरक्षण २०१५ साली मंजूर झाले. ही मोठीच गोष्ट झाली. परंतु आरक्षण जमिनीचे असते. तिच्यावरून जाण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही.

पळणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण ही मंडळी स्वतःस निसर्गाची रखवालदार समजतात. उतरताना वळणाची वाट सोडून सरळ खाली धावण्याची आपली खोड आहे. तेथे गवत मरते, पुढच्या पावसात चर पडतो आणि दोन वर्षांत त्याची घळ होते. सह्याद्रीत आता प्रवेशशुल्क घेऊन शर्यती भरतात. एका सकाळी शेकडो पाय एका अरुंद धारेवरून जातात, मागे प्लास्टिकच्या पुड्या उरतात आणि शुल्कातला किती भाग त्या वाटेच्या डागडुजीस जातो हे सांगण्याचे बंधन आयोजकांवर असले पाहिजे. सगळीच राने सर्वांस सर्व वेळ खुली असावीत, असेही माझे म्हणणे नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे १०० हून अधिक चौरस किलोमीटरांचे बिबट्याचे घर आहे; तेथे वाटा आणि वेळा ठरवून दिलेल्या असणेच योग्य. सामायिक संपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले आणि २००९ मध्ये त्यांस नोबेल मिळाले. पण त्यांनी घातलेली पहिली अट संपत्तीची आणि वापरणाऱ्यांची हद्द स्पष्ट असण्याची आहे. ज्या वाटेची कोठे नोंदच नाही, तिचे नियम कोण कोणासाठी करणार?

मागणी मोठी नाही. महापालिकेने व वन खात्याने मिळून टेकड्यांवरील चालत्या वाटांची मोजणी करावी आणि त्या विकास आराखड्यावर जुन्याच तुटक रेषेने उतरवाव्यात. रुंदी सव्वाआठ फुटांपेक्षा अधिक नको. फरसबंदी, कठडे, दिवे यांपैकीही काही नको. खर्च मोजणीदारांच्या पगाराचा. आमच्यासारखे काही जण साखळी धरावयास फुकटही येतील.

त्या कुंपणाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. पौषात ते तसेच होते. त्याच्या डाव्या अंगाने, करवंदीच्या जाळीला वळसा घालून, जळणाची मोळी आणणाऱ्या बायकांनी एक नवी वाट पाडली होती. अनवाणी किंवा झिजलेल्या चपलांनी पडलेल्या त्या वाटेवरून आता दहा-दहा हजारांचे बूट घातलेले आम्ही धावतो. एका वेळी एकच मनुष्य जाईल एवढीच ती आहे, आणि मोळी समोरून येताना दिसली की आम्ही बाजूस उभे राहतो.