हवा कमी, पकड जास्त

अलास्कातल्या हिवाळ्यात फॅट बाइक चालवायची तर पहिला धडा हवेचा. साध्या माउंटन बाइकचा टायर सव्वादोन-अडीच इंच रुंद, हिचा ४ ते ५. भुसभुशीत बर्फात दाब ५ पीएसआयपर्यंत उतरवायचा. टायर पसरतो, चाक रुतत नाही. घरातल्या उबेत भरलेली हवा उणे २० अंशांत आकसते, म्हणून दाब बाहेर गेल्यावरच तपासावा. हँडलवर जाड खोळी हव्यातच, नुसत्या हातमोज्यांवर भिस्त नको. मिनेसोटातल्या सर्ली कंपनीची ‘पग्सली’ ही फॅट बाइक २००५मध्ये आली. त्याआधी हौशी मंडळी दोन रिम जोडून रुंदी मिळवत. डांबरावर मात्र ही म्हैसच; घाई असेल तर घरी ठेवा.