मैफलीत डोळ्यांना दिसते ते मोबाइलला का दिसत नाही?

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले. असा मोठा कॉन्सर्ट असो, गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा असो वा कॉलेजचे गॅदरिंग, घरी आल्यावर फोनची गॅलरी उघडली की अनेकांची तक्रार सारखीच असते. गायकाचा चेहरा पांढराफटक, हात पुसट आणि पुढच्या रांगेतली डोकी मात्र स्पष्ट! महागडा फोन असूनही असे का होते?

चूक नेमकी कुठे होते?

फोन फ्रेममधल्या एकूण उजेडाचा अंदाज घेऊन फोटो किती उजळ करायचा हे ठरवतो. कार्यक्रमात फ्रेमचा मोठा भाग काळोखाचा आणि मंचाचा छोटासा भाग झगझगीत असतो. काळोख पाहून फोन सगळाच फोटो उजळ करतो आणि प्रकाशझोतातला चेहरा पांढरा पडतो. त्या भागातला हरवलेला तपशील नंतर एडिटिंगमध्येही परत मिळत नाही. काळसर राहिलेला भाग मात्र बऱ्याच अंशी उजळता येतो. म्हणून फोटो थोडा काळोखा आला तरी चालेल, चेहरा पांढरा पडता कामा नये.

त्यावर उपाय काय?

स्क्रीनवर कलाकाराच्या चेहऱ्यावर बोट काही क्षण दाबून ठेवावे. फोकस आणि उजेडाचे प्रमाण तिथे लॉक होते. आयफोनमध्ये शेजारी दिसणाऱ्या सूर्याच्या चिन्हावरून बोट खाली सरकवावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही अशीच पट्टी असते. चेहऱ्यावरचे नाक-डोळे नीट दिसू लागले की थांबावे. त्याआधी लेन्स मऊ कापडाने पुसून घ्यावी. बोटांचा तेलकट थर असला की दिव्यांभोवती धुरकट वलये येतात.

फ्लॅश आणि नाइट मोडचे काय?

दोन्ही बंद ठेवावेत. फोनच्या फ्लॅशचा उपयोग जेमतेम तीन-चार मीटरपर्यंत होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे वीस मीटरवरचा मंच उजळत नाही, पुढच्यांची डोकी उजळतात. नाइट मोड एक ते तीन सेकंदांत अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र जोडतो. स्थिर इमारतीसाठी तो उत्तम. नाचणारा कलाकार त्यात पुसट होतो. काही फोन अंधार दिसताच हा मोड आपोआप सुरू करतात, तेवढे तपासावे.

प्रो मोड असेल तर नाचासाठी शटर १/२५० सेकंदाच्या आसपास आणि बसून गाणाऱ्यासाठी १/१०० ठेवून पाहावे. क्षणही महत्त्वाचा. तान संपवून समेवर आलेला गायक क्षणभर विसावतो, तेव्हा बटण दाबावे किंवा बर्स्टने सलग फोटो घ्यावेत.

दूरची जागा असेल तर?

दोन बोटांनी स्क्रीन ताणून झूम करू नये. लेन्सच्या क्षमतेपलीकडचा झूम म्हणजे मूळ फोटोचा तुकडा कापून मोठा करणे. फोनमध्ये २एक्स, ३एक्स किंवा ५एक्सची स्वतंत्र लेन्स असेल तर तेच बटण वापरावे. त्याहून दूर असल्यास मोठी फ्रेम घ्यावी. ‘कोल्डप्ले’च्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मनगटांवर उजळणारे पट्टे असतात, तिथे खरे दृश्य गर्दीचेच असते.

रंग आणि पट्टे कसे टाळायचे?

गडद लाल किंवा निळ्या प्रकाशात चेहऱ्याचे बारकावे हरवतात. पांढरा झोत येईपर्यंत थांबावे, नाहीतर तो फोटो कृष्णधवल करून पाहावा. मागच्या एलईडी पडद्यावर आडवे पट्टे दिसत असतील तर शटर थोडे संथ करावे. लेझरचा झोत मात्र थेट लेन्सवर घेऊ नये. त्याने कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा बिघडू शकतो.

व्हिडीओ किती काढावा?

आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा व्हिडीओ एचईव्हीसी प्रकारात मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा घेतो. म्हणजे पंधरा मिनिटांत अडीच जीबी! बॅटरीही झपाट्याने उतरते. आवडत्या कडव्याचे तीस सेकंद पुरेसे असतात.

इतरांचे काय?

आधी आयोजकांचे नियम पाहावेत. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ ने कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. स्वतःपुरत्या चित्रीकरणाला कायद्यात सवलत आहे, त्याच्या व्यावसायिक वापराला नाही. नाटकात तर प्रयोग संपून कलाकार अभिवादनाला येईपर्यंत फोन खिशातच बरा. स्क्रीनची चमक कमी ठेवावी आणि फोन छातीच्या उंचीवर धरावा, म्हणजे मागच्याला मंच दिसतो.

‘कोल्डप्ले’चा गायक ख्रिस मार्टिन ‘अ स्काय फुल ऑफ स्टार्स’ हे गाणे मध्येच थांबवून प्रेक्षकांना फोन बाजूला ठेवायला सांगतो, हे त्यांच्या कार्यक्रमांत अनेकदा घडले आहे. पहिल्या एक-दोन गाण्यांत चार चांगले फोटो मिळवले, की उरलेला कार्यक्रम डोळ्यांनी पाहायला मोकळे होता येते.