समुद्र नसलेल्या गावातला समुद्रदेव

कोल्हापुरात समुद्र नाही. तरीपण ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियमचा आहे. ब्राँझची मूर्ती, दाढीवाला गडी, उंची वीतभरसुद्धा नाही. 2023 मध्ये हा पठ्ठ्या न्यूयॉर्कला मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या प्रदर्शनात जाऊन आला. म्हणजे तिकडच्या लोकांनी त्याला रांगा लावून बघितला. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर फक्त एकीनं बघितलेला, तोही चौथीच्या सहलीत.

टाऊन हॉल कुठं आहे, हे मात्र सगळ्यांना माहीत. सीपीआरच्या समोर. बागेत बसायचं, तोफांजवळ फोटो काढायचे, दगडी कमानीपुढं रील करायचं आणि निघायचं. आत जायचं तिकीट पॉपकॉर्नच्या पुड्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, पण पायऱ्या चढायचं कुणाच्या मनातच येत नाही. म्हणून एका दुपारी मुद्दाम चढले.

आधी इमारतीबद्दल. 1872 ते 1876 या काळात ती बांधली. टोकदार कमानी, उंच उतरती छपरं, काळा दगड. या शैलीला गॉथिक म्हणतात. ही शैली मुळात मध्ययुगातल्या युरोपची. चर्च आणि नगरभवनं तशी बांधायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना तिचं पुन्हा वेड लागलं आणि ते वेड आपल्याकडंही आलं. आर्किटेक्ट होते चार्ल्स मँट. नवा राजवाडा त्यांचाच, समोरचं सीपीआर त्यांचंच आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेससुद्धा. बडोद्याचं काम पूर्ण व्हायच्या आत, 1881 मध्ये ते गेले.

मँट यांचं आणखी एक काम आहे, ते थेट इटलीत. टाऊन हॉलचा पाया पडण्याआधी, 1870 मध्ये, कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले होते. परत येताना फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त 20. माझ्याहून दोन वर्षांनी लहान! आर्नो नदीच्या काठी, दोन नद्यांच्या संगमावर, त्यांच्यावर हिंदू पद्धतीनं अंत्यसंस्कार झाले. तिथं 1874 मध्ये छत्री उभी राहिली. तिच्यात फेटा बांधलेल्या महाराजांचा अर्धपुतळा आहे. त्या छत्रीचं डिझाईन मँट यांचं. म्हणजे एकच माणूस इटलीत कोल्हापूरच्या राजाची छत्री रचत होता आणि कोल्हापुरात युरोपी थाटाचं सभागृह बांधत होता. फ्लॉरेन्सच्या लोकांनी पुढं 1970 च्या दशकात तिथून जवळ पूल बांधला, त्याचं नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’. म्हणजे ‘भारतीयाचा पूल’. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर इतिहासाच्या तासाला झोप लागली नसती.

आता पोसायडनकडं. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथं 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. ग. दीक्षित यांनी उत्खनन केलं. खाली सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं. पोसायडन याच टेकडीवरच्या ब्राँझच्या वस्तूंमधला. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जहाजं आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागायची, आणि तिथला माल घाट चढून वर यायचा. आपण वीकेंडला गगनबावड्याला धुकं बघायला जातो ना, तसलेच घाट. ब्रह्मपुरीत जे सापडलं, त्यासाठी 1946 मध्ये म्युझियम सुरू झालं आणि काही वर्षांत ते टाऊन हॉलमध्ये आलं. सभा घ्यायच्या जागेत मूर्ती, नाणी, शस्त्रं, चित्रं राहायला आली.

ब्रह्मपुरी हे नाव आमच्या पिढीनं ऐकलं ते मात्र वेगळ्याच कारणानं. शिवाजी पुलाला पर्यायी पूल बांधायला घेतला आणि काम मध्येच थांबलं. कारण ही टेकडी संरक्षित आहे आणि अशा जागेपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला कायद्यानं बंदी आहे. अर्धवट पूल कित्येक वर्षं तसाच उभा होता. जानेवारी 2018 मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि 13 माणसं गेली. त्या दिवसांत गावात संताप होता, आणि तो बरोबरच होता. जुन्या मातीसाठी जिवंत माणसांनी धोका का पत्करायचा? नंतर पर्यायी पूल झाला आणि विषय संपला.

मला वाटतं तो संपायला नको होता. भांडण पूल हवा की टेकडी असं झालं, पण त्या टेकडीत काय होतं हे चौकाचौकात कुणी बोललं नाही. एक किलोमीटरच्या आसपास अंतरावर, टाऊन हॉलमध्ये, त्याचं उत्तर ठेवलेलं होतं. कायदा करताना माणसांचा विचार हवा, हे खरंच. पण आपण ज्याच्यावर चिडतोय ते काय आहे, एवढं तरी बघून यायला नको का?

जाणार असाल तर दुपारी जा, गर्दी नसते. आधी टाऊन हॉलच्या उंच छताखाली थोडा वेळ नुसतं उभं राहा, मग ब्रह्मपुरीच्या वस्तूंपाशी जा. खापरं, मणी दिसले की घाईनं पुढं सरकू नका, ती कुणाच्या तरी घरातली आहेत. आणि बाहेर पडलात की पंचगंगेकडं चालत निघा. वाटेत चहा मिळतो. पर्यायी पुलावर पोचलात की गावाच्या बाजूला बघा, टेकडी दिसेल.